चौदा सेंटिमीटरचं पाप

आलिशान जर्मन गाडी भारतात येताना लांब होते, उंच होते, मऊ होते, म्हणून ती बिघडते, असं ठासून सांगणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. आवाज मोठा, आत्मविश्वास त्याहून मोठा. फेब्रुवारी २०१७ मध्ये चाकणला जुळवलेली मर्सिडीजची लांब ई-क्लास बाजारात आली तेव्हा या मंडळींनी नाकं मुरडली. जानेवारी २०२१ मध्ये बीएमडब्ल्यूची ३ सीरिज ‘ग्रॅन लिमोझीन’ होऊन आली तेव्हा सुतक पाळलं. जुलै २०२४ मध्ये ५ सीरिजही त्याच वाटेने गेली, तेव्हा आता काही उरलंच नाही, असा एकूण सूर होता.

तक्रार साधारण अशी असते. तिकडच्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं खपून एक चासी घडवली. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर, स्प्रिंगांचा ताठपणा, गाडीची जमिनीपासूनची उंची, सगळं एकमेकांशी जुळवून आणलं. मग विक्रीवाल्यांनी मधे कात्री चालवली, एक तुकडा जोडला, चार चाकांवर गाडी उचलली आणि आपल्या गळ्यात मारली. त्यातही ही लांबी मुळात चीनच्या गिऱ्हाइकासाठी काढलेली, म्हणजे आपल्या वाट्याला उष्टं. ‘खरी’ गाडी म्युनिक-स्टुटगार्टला, आपल्याकडे तिची सुजलेली बहीण.

या तक्रारीत एक कण सत्य आहे. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण तक्रारखोरांनी नेमका तोच सोडून बाकी सगळ्यावर आरडाओरडा केला आहे.

आधी चासीबद्दल. हल्लीच्या अशा गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते, सांगाडा आणि अंग एकच असतं. तरी चाकं, स्प्रिंगा, शॉकॅब, सुकाणू आणि त्यांना धरून ठेवणारा खालचा सगळा संसार एवढ्या अर्थाने हा शब्द टिकून आहे. मीही तो तसाच वापरतो.

आता ‘मूळ’ गाडी. ती कशाच्या जोरावर मूळ ठरते? ऑटोबानवर ताशी २०० किलोमीटरला ती जमिनीला चिकटून राहावी म्हणून खाली बसवलेली असते. नुर्बुर्गरिंगच्या शर्यतपथावरच्या वळणांवर कलू नये म्हणून तिचे रोल बार जाड असतात. ही जर्मनीची गरज आहे, जर्मनीतल्या रस्त्यांवर मोजलेली. तिला निसर्गनियम समजायचं कारण नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना वेगमर्यादा १०० आहे आणि घाटात त्याहूनही कमी. ताशी २०० ला स्थिर राहण्यासाठी दिलेला ताठपणा आपण १०० च्या आत फुकट सोसायचा आणि त्याला शुद्धता म्हणायचं, हे मला पटत नाही. तिकडची गाडी तिकडच्या भूगोलाशी जुळवलेली आहे, एवढाच तिचा मूळपणा.

यावर ठेवणीतलं उत्तर येतं ते रोल्स-रॉईसचं. १९०८ साली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची सिल्व्हर घोस्ट मुंबई-कोल्हापूर चाचणीत घाट चढून-उतरून जिंकली आणि पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती घेतली. पाहा, म्हणतात, तेव्हा कुठे कुणी गाडी लांब-उंच केली होती? अस्सल यंत्र असलं की ते कुठेही चालतं!

उदाहरण सुंदर आहे, पण अर्धवट सांगितलेलं. त्या काळची सिल्व्हर घोस्ट मोठ्या चाकांवर आणि लांब पाट्यांच्या स्प्रिंगांवर उभी असायची, पोट जमिनीपासून भरपूर वर. इंग्लंडातले रस्तेसुद्धा तेव्हा आजच्यासारखे गुळगुळीत नव्हते. कोल्हापूरला ती चालली, कारण तिची जुळणी तसल्या रस्त्यांशी आपोआप जमून गेली होती. जिथे जमली नाही तिथे काय झालं, हे सांगायला मंडळी विसरतात. चारच वर्षांनी, १९१२ मध्ये, जेम्स रॅडली नावाचा गडी आपली घोस्ट घेऊन आल्प्समधल्या स्पर्धेत उतरला आणि ऑस्ट्रियातल्या कात्शबर्ग घाटात अडकला. गाडीला गिअर तीन. इंग्लंडच्या टेकड्यांना पुरेसे, त्या चढाला नाहीत. माणसं खाली उतरवावी लागली तेव्हा कुठे गाडी वर गेली. जगातली सर्वोत्तम मोटार म्हणवणाऱ्या कंपनीची यात शोभा झाली. कंपनीने ‘आमची गाडी अस्सल आहे, तुमचा घाटच चुकीचा’ असं म्हटलं नाही. चार गिअरांची पेटी बसवली, इतरही फेरफार केले आणि १९१३ मध्ये त्याच स्पर्धेत आपल्या गाड्या उतरवून सगळ्यांना मागे टाकलं. ‘अल्पाइन ईगल’ म्हणून संग्राहक आज ज्या घोस्टवर जीव टाकतात, ती हीच: परदेशातल्या एका घाटासाठी बदललेली गाडी.

यानंतरची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते, कारण यात गिअर वाढवण्याइतकं सोपं उत्तर नव्हतं.

रोल्स-रॉईसने पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला कारखाना काढला. तिथे बनणाऱ्या गाड्यांचं सुकाणू कितीतरी दिवस इंग्रजी पद्धतीने उजवीकडेच होतं, ते डावीकडे गेलं १९२५ च्या सुमारास. शुद्धतेचा हट्ट याहून हास्यास्पद कसा दिसणार! पण खरी अडचण सुकाणूची नव्हती. १९३० च्या आसपास इंग्लंडातल्या डर्बीच्या मुख्य कारखान्यात एक प्रश्न डोकं खाऊ लागला. इंग्लंडच्या रस्त्यांवर ज्या गाड्यांत बसून कुणी तक्रार करत नव्हतं, त्याच गाड्या परदेशी गेल्या की गिऱ्हाइकाला गचके देत होत्या. पहिला अंदाज तुम्ही-आम्ही केला असता तोच: त्यांचे रस्ते वाईट. तो खोटा ठरला. अमेरिकेतले नवे रस्ते वाईट नव्हतेच, सुधारलेले होते. फरक होता तो रस्त्याच्या लाटांत. त्यांची लांबी-उंची इंग्लंडच्या लाटांसारखी नव्हती.

ही नोंद करून ठेवली मॉरिस ऑली या अभियंत्याने. तो रोल्स-रॉईसचा माणूस, पुढे डेट्रॉइटला कॅडिलॅककडे गेला. तिथे त्याने एक सात आसनी लिमोझीन घेतली आणि तिच्यावर वजनं अशी बसवली की ती पुढे-मागे सरकवता येतील आणि पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचं नातं हवं तसं बदलता येईल. मग गाडीत बसायचं, वजनं सरकवायची, पुन्हा बसायचं. मोजायला यंत्रं नव्हती. कुठल्या जुळणीत बरं वाटतं हे बसणाऱ्यालाच विचारायचं.

उत्तर उलटं निघालं. तोवरच्या गाड्यांत पुढच्या स्प्रिंगा ताठ आणि मागच्या मऊ असायच्या. ऑलीच्या गाडीत पुढच्या मऊ आणि मागच्या थोड्या ताठ ठेवल्यावर प्रवास सपाट होऊ लागला. कारण साधं आहे. लाटेवर आधी पुढची चाकं चढतात, म्हणून गाडीचं नाक आधी डोलायला लागतं आणि शेपूट क्षणभराने. नाक सावकाश डोललं आणि शेपूट जरा झपाट्याने, तर शेपूट नाकाला गाठतं आणि सगळी गाडी एकदम वर-खाली होते. उलट जुळणीत नाक वर, शेपूट खाली असा झोपाळा सुरू राहतो आणि मागे बसलेल्याचं पोट ढवळतं. पुढच्या स्प्रिंगा एवढ्या मऊ करायच्या तर जुना आडवा आस चालेना, पुढची चाकं थरथरू लागली. म्हणून प्रत्येक पुढच्या चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन द्यावं लागलं. १९३४ च्या कॅडिलॅकमध्ये ते आलं. १९३६ मध्ये रोल्स-रॉईसच्या फँटम ३ मध्येही ते दाखल झालं, अमेरिकेतल्या या कामाचाच धागा धरून.

म्हणजे परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या कुरकुरीतून निघालेली सुधारणा काही वर्षांतच मायदेशातल्या सगळ्यात महागड्या गाडीत जाऊन बसली. परक्या रस्त्याने दाखवलेली उणीव घरच्या गाडीतही होतीच, घरच्या रस्त्याने ती झाकून ठेवली होती. बदल म्हणजे भेसळ असं मानणाऱ्याने या गोष्टीचं काय करायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता इकडे या. आपल्या द्रुतगती मार्गांच्या काँक्रीटला साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे असतात. ताशी १०० ने गेलं तर सेकंदाला सहाच्या आसपास ठोके पडतात. माणसाचं बसलेलं शरीर उभ्या दिशेच्या हादऱ्यांना सगळ्यात हळवं असतं ते सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात. काँक्रीटचे सांधे जर्मनीतही आहेत, पण साधारण पाच मीटरवरच्या सांध्यांवरून ताशी १८० ने जाणाऱ्या गाडीला सेकंदाला दहा ठोके पडतात आणि ते त्या पट्ट्याच्या बाहेर जातात. तिकडे ज्या वेगाला गाडी शांत आहे तो वेग इकडे गुन्हा आहे. इथल्या वेगाला ती शांत करायची असेल तर शॉकॅबचं तेल ज्या झडपांतून जातं त्या झडपा, रबरी बूश आणि टायर यांचा इथल्यासाठी वेगळा विचार करावा लागतो. ऑलीने सांगितलेली लाटांचीच गोष्ट, रस्ता तेवढा आपला.

राहिली ती कुप्रसिद्ध लांबी. २०१७ च्या ई-क्लासमध्ये चाकांतलं अंतर २,९३९ मिलिमीटरवरून ३,०७९ झालं. १४ सेंटिमीटर वाढले. बीएमडब्ल्यूच्या दोन्ही गाड्यांत ११ सेंटिमीटर. या वाढीने गाडी स्पीडब्रेकरवर पोटाने घासते, असं छातीठोकपणे सांगितलं जातं, तेव्हा हिशेबच करून टाकू.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असायला हवा. या उंचवट्यावर गाडी मधोमध आली की चारही चाकं त्याच्या पाठीवरच असतात, म्हणून पोटाला पूर्ण १० सेंटिमीटर जागा लागत नाही. छोट्या गाडीला सुमारे ६.४ आणि लांब गाडीला सुमारे ७. फरक सहा-सात मिलिमीटर, करंगळीच्या जाडीहूनही कमी. आता गल्लीतला नेहमीचा गतिरोधक घ्या: रात्रीत कुणीतरी ओतलेला, अर्धा मीटर रुंद आणि वीतभर उंच. त्याच्या पलीकडे पुढची चाकं, अलीकडे मागची, दोन्ही सपाट जमिनीवर. इथे पोटाला लागते ती उंचवट्याची पूर्ण उंची. चाकांतलं अंतर तीन मीटर असो की सव्वातीन, काडीचा फरक पडत नाही. घासते ती कमी उंचीमुळे, आणि उंची वाढवली की हीच मंडळी पुन्हा रडतात.

तळघरातल्या पार्किंगचा उतार हा एकच प्रसंग असा, जिथे लांबी खरंच नडते. सपाट जागेवरून पाचास एक असा तीव्र उतार सुरू होत असेल तर त्या कडेवर छोट्या गाडीच्या पोटाला साडेचौदा आणि लांब गाडीला सव्वापंधरा सेंटिमीटरच्या आसपास जागा लागते. स्प्रिंगा १५ मिलिमीटरने उंच केल्या की हा तोटा भरून निघतो आणि वर काही उरतंही. वळायला जागा जास्त लागते हे मात्र खरं. चाकं तेवढीच वळत असतील तर वळणाचं वर्तुळ पाचेक टक्क्यांनी मोठं होतं. सदाशिव पेठेत हे जाणवेल. पण पाच मीटर लांबीची गाडी घेऊन सदाशिव पेठेत शिरणाऱ्याचा प्रश्न मूळचाच वेगळा आहे.

‘मधे तुकडा जोडला’ हा आरोप ज्याने पहिल्यांदा केला त्याने तुळई कधी पाहिली नसावी. तुळई लांब झाली की तिचा बाक लांबीच्या घनाच्या हिशेबाने वाढतो. १४ सेंटिमीटरसाठी हा आकडा १५ टक्क्यांच्या घरात जातो. नुसता तुकडा जोडून भागलं असतं तर दारं कुरकुरली असती आणि खड्ड्यात काच तडकली असती. म्हणून बाजूच्या पट्ट्या, मधला बोगदा, छताची कड यांचा विचार नव्याने करावा लागतो, धडकेच्या चाचण्या नव्याने द्याव्या लागतात. शिवाय २०१७ पर्यंत लांब ई-क्लास डाव्या सुकाणूची होती. उजव्या सुकाणूची लांब गाडी घेणारा भारत हा पहिला देश. उजव्या सुकाणूची पुढची बाजू इंग्लंड-जपानसाठी तयार होती, लांब मागची बाजू चीनसाठी. दोन्ही एका अंगात आणायच्या म्हणजे सुकाणूचा दांडा, पेडलं, वायरींचा गुंता यांचा मेळ घालणं आलं. हे काम भारतातल्या गिऱ्हाइकासाठी झालं आणि आपणच त्याला उष्टं म्हणतो!

चीनबद्दलच्या तुच्छतेवर फार शाई घालवत नाही. ऑडीने ए-६ तिथे लांब करून विकली तेव्हा मागे बसणारा मालक ही गोष्ट त्यांनी गांभीर्याने घेतली. आपल्याकडेही मालक मागेच बसतो, पुढे ड्रायव्हर असतो. गाडी चालवण्याची मजा पुढच्या माणसाला मिळते, ज्याचा पगार मागचा देतो. तरी तपासणी मात्र नेहमी चालकाच्या खुर्चीतून होते, कारण परीक्षा करणाऱ्याला तिथे बसायला आवडतं. गुडघ्यापुढच्या चार बोटांच्या जागेला हसणाऱ्याने लेकाच्या लग्नाला आई-वडिलांना मागे बसवून पुणे-नागपूर करून पाहावं.

आता तो सत्याचा कण. जुळवणी बिघडू शकते, आणि बिघडते तेव्हा फार वाईट बिघडते. एमजीबी ही इंग्रजी गाडी आलिशान नव्हती, पण धडा तिचाच घ्यावा. सत्तरच्या दशकात अमेरिकेत बंपरचे नियम कडक झाले. नियमात बसायला कंपनीने गाडी इंचभर उचलली, पुढे-मागे काळे रबरी बंपर बसवले आणि पैसे वाचवायला पुढचा रोल बार काढून टाकला. उंच झालेल्या गाडीला रोल बार जास्त लागतो, त्यांनी होता तोही काढला. वळणावर ती इतकी कलू लागली की १९७७ च्या गाडीत पुढे आणि मागे दोन्हीकडे बार द्यावा लागला. हा दोष परदेशी बाजारासाठी बदलण्याचा नाही. नियमाची रकाना-भरती करून चासी तिच्या नशिबावर सोडण्याचा आहे.

आपल्याकडे असं अर्धं काम दिसतं आणि तिथे आवाज उठायला हवा. स्प्रिंगखाली नुसती चकती घालून गाडी वर घेतली आणि शॉकॅब जुनाच ठेवला, तर वर आलेल्या गाडीचं चाक खड्ड्यात लोंबकळताना दांडा टोकाला लवकर आपटतो. तो ‘ठक्’ आवाज ओळखीचा आहे. पंक्चर झाल्यावरही चालणारे जाड भिंतीचे रनफ्लॅट टायर युरोपात सोयीचे. आपल्या खड्ड्यात त्यांच्या ताठ भिंती सगळा मार रिमकडे आणि प्रवाशाकडे पोचवतात, आणि त्यांच्या भरवशावर स्टेपनीची जागाही खाल्लेली असते. शोरूमच्या दिव्यांत छान दिसतात म्हणून १९-२० इंची चाकं घालायची, रबराची उंची दोन बोटं ठेवायची आणि मग सस्पेन्शन भारतासाठी खास जुळवलंय म्हणायचं, ही फसवणूकच आहे. तिकडे मिळणारा बदलत्या ताठपणाचा शॉकॅब इकडे किंमत कमी दाखवायला गाळायचा, ही दुसरी. १९९५ मध्ये पिंपरीत पहिली मर्सिडीज जुळायला लागली ती डब्ल्यू-१२४. युरोपात त्याच वर्षी तिची जागा पुढच्या पिढीने घेतली. तेव्हा गिऱ्हाइकाने तोंड फिरवलं ते बरोबर होतं, कारण ती जुळवणी नव्हती, विसर्जन होतं.

या गोष्टींवर शुद्धतावादी फारसे बोलत नाहीत. त्यांना लांबीचा आकडा मिळतो, त्यावर राग काढतात आणि घरी जातात. कंपन्यांनाही हे सोयीचंच, कारण लांबी दाखवायला सोपी असते. माहितीपत्रकात ती छापतात, गुडघ्यापुढे हात आडवा धरून फोटो काढतात. रिकाम्या गाडीची जमिनीपासूनची उंची छापतात. पाच माणसं आणि चार बॅगा भरल्यावर ती किती उरते, चाकाला वर-खाली जायला किती जागा राहते, शॉकॅबच्या झडपा कुठल्या रस्त्यावर बसून ठरवल्या, हे छापत नाहीत. गाडीला सत्तर-ऐंशी लाख मोजणारा माणूस हे विचारतही नाही, सनरूफ किती उघडतो ते विचारतो. चाचणीची फेरीही शोरूमपुढच्या नव्या डांबरी रस्त्यावर होते, एकट्याने, पुढे बसून. तीच फेरी घरच्या चौघांना घेऊन, स्वतः मागे बसून, सोसायटीच्या तळघरात उतरून आणि गल्लीतल्या बेकायदा गतिरोधकावरून करू द्या, अशी अट घालणारी शंभर गिऱ्हाइकं एका शहरात निघाली, तर स्टुटगार्टला फोन जाईल.